मत्तयाची कला आणि ११६ मते

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे 'इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी' या विद्वत्संस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले असता एका टीकाग्रंथाच्या निमित्ताने मतदान घेण्यात आले. ग्रंथाच्या लेखकाने सदस्यत्वाचा राजीनामा द्यावा, या ठरावाच्या बाजूने ११६ आणि विरोधात ४१ मते पडली. लेखक रॉबर्ट गंड्री हे कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील वेस्टमाँट कॉलेजात नव्या कराराचे प्राध्यापक होते. त्यांनी राजीनामा दिला. आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ मत्तयकृत शुभवर्तमानावरील भाष्य होता आणि त्याच्या उपशीर्षकात मत्तयाच्या वाङ्मयीन व ईश्वरशास्त्रीय कलेचा निर्देश होता. धर्मग्रंथाच्या कर्त्याला कला असते, एवढे म्हटल्याने कोणी बहिष्कृत होत नाही. ती कला नेमके काय करते हे ओळीओळीतून दाखवू लागल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो. साहित्यप्रकार, लेखकाचा हेतू आणि वाचकसमूहाचे संकेत हे ज्यांच्या नित्य चर्चेचे विषय आहेत, त्यांनी या प्रकरणाकडे धर्मांतर्गत भांडण म्हणून पाठ फिरवणे बरे नव्हे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा श्रद्धावंत आणि संशयवादी यांच्यातील झगडा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. गंड्री येशूचे शारीर पुनरुत्थान मानत होते. मानवी देहाविषयीची नव्या करारातील संकल्पना शारीरच आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये आलेला होता. सोसायटीचा सदस्य होण्यासाठी ज्या एका वाक्यावर दरवर्षी स्वाक्षरी करावी लागे, त्याचा आशय असा की, केवळ बायबल आणि संपूर्ण बायबल हे देवाचे लिखित वचन होय आणि म्हणून मूळ हस्तलिखितांत ते निर्दोष आहे. या वाक्यावर गंड्री यांनी निःशंक मनाने सही केली होती आणि मतदानाच्या दिवशीही ते ती करायला तयार होते. (इंग्रजीतील 'इनएरन्सी' या शब्दासाठी येथे 'निर्दोषत्व' हा शब्द योजला आहे. ग्रंथात ऐतिहासिक, भौगोलिक, वैज्ञानिक अशी कोणत्याही प्रकारची चूक नाही, हा त्याचा अर्थ.) ज्याने शपथ मोडलेली नाही आणि जो ती पुन्हा घ्यायला राजी आहे, त्याला शपथेच्या नावाने बाहेर काढावे लागले, यातच या प्रकरणाची सारी गुंतागुंत साठवलेली आहे.

गंड्री यांचे म्हणणे काय होते? येशूच्या जन्माची कथा चारांपैकी दोनच शुभवर्तमानांत येते, मत्तय आणि लूक यांच्या, आणि या दोन कथा एकमेकींशी फार कमी जुळतात. लूकमध्ये रानात कळप राखणारे मेंढपाळ बाळाला पाहायला येतात. मत्तयात पूर्वेकडून ताऱ्याच्या मागाने मागी लोक येतात. लूकमध्ये आईबाप बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेतात आणि विधीप्रमाणे पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतात. मत्तयात ते बाळाला घेऊन मिसर देशात पळून जातात आणि हेरोद राजा बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतील मुलगे मारून टाकतो. गंड्री यांच्या मते, लूकमध्ये टिकून राहिलेली परंपरा मत्तयासमोर होती आणि त्याने ती जाणीवपूर्वक पालटली. ख्रिस्ताकडे येणाऱ्या परराष्ट्रीयांची पूर्वसूचना द्यायची म्हणून मेंढपाळांचे मागी झाले. यरुशलेमच्या वाटेऐवजी मिसरची वाट आली. मंदिरातील पक्ष्यांच्या वधाच्या जागी बालकांचा वध आला. हे मत्तयाचे असत्यकथन मात्र नव्हे, असे ते बजावून सांगतात. आधारभूत परंपरेला अर्थविस्तारासाठी नवे प्रसंग जोडण्याची ज्यू लेखनाची एक मान्य रीत होती. तिला ते 'मिद्राश' म्हणतात. मत्तयाच्या मूळ वाचकांना ही रीत परिचित होती, म्हणून त्यांची फसवणूक झाली नाही. इतिहास म्हणून न सांगितलेल्या गोष्टीला इतिहासाची चूक कशी म्हणावी?

मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. एकनाथांच्या भावार्थरामायणात वाल्मीकीत नसलेले प्रसंग आहेत, म्हणून एकनाथांना खोटे बोलणारे कोणी ठरवले नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान वाढते, पात्रे नवी बोलू लागतात आणि श्रोता ती वाढ भक्तीची म्हणून स्वीकारतो. अर्थात, हे साम्य फार ताणता येणार नाही. एकनाथांचा श्रोता मूळ कथा आधीच जाणत होता. मत्तयाचा पहिला वाचक ती जाणत होता, हे गंड्री यांना सिद्ध करावे लागते, आणि त्यांच्या प्रतिपादनातील सर्वांत दुबळा सांधा तोच आहे. सोसायटीच्या नियतकालिकात १९८३ मध्येच डग्लस मू यांनी मिद्राशच्या कल्पनेची सविस्तर छाननी केली आणि तिला गंड्री यांनी उत्तरही दिले. हा विद्वानांमधला वाद होता आणि तो तसाच चालू राहता तर कोणाचे काही बिघडले नसते.

नॉर्मन गाइस्लर यांचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता. गंड्री यांचे मत्तयाचे वाचन चुकले आहे, एवढेच म्हणून ते थांबत नव्हते. वाचनाची पद्धतीच अधर्म्य असू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. ओठांवर निर्दोषत्वाची कबुली आणि हातात ती पोकळ करणारी पद्धत, अशी जोडी शक्य असेल तर केवळ कबुलीला अर्थ उरत नाही. हा युक्तिवाद पुरता टाकाऊ नाही. सारे ग्रंथ खरे आहेत असे म्हणावे आणि जे पटत नाही ते 'रूपक' म्हणून बाजूला सारावे, ही युक्ती सगळ्याच धर्मपरंपरांतील सुशिक्षितांनी वापरलेली आहे. आपल्याकडेही तिचे नमुने थोडे नाहीत. परंतु गाइस्लर यांचा युक्तिवाद मान्य केला की वाक्यावरची स्वाक्षरी पुरेनाशी होते. वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हेही संस्थेला ठरवावे लागते. आणि ते वाक्य तर ज्या ग्रंथाखेरीज दुसरे प्रमाण नाही, त्या ग्रंथाविषयीचे होते.

या मतदानामागे शंभर वर्षांची पूर्वपीठिका आहे. प्रिन्स्टन परंपरेतील ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफील्ड यांनी १८८१ मध्ये एका संयुक्त लेखात जी भूमिका मांडली, तिचा गाभा असा होता की, प्रेरणा मूळ हस्तलिखितांना लागू आहे आणि सिद्ध झालेली एकही चूक त्या सिद्धांताला बाधक ठरेल. मूळ हस्तलिखितांपैकी एकही उपलब्ध नाही. जे निर्दोष आहे ते कोणी पाहिलेले नाही आणि जे पाहता येते त्यात पाठभेद आहेत. विरोधकांनी यावर पुष्कळ थट्टा केली, पण ती उथळ होती. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ पाठ कुठेतरी होता या विश्वासावरच. हरवलेल्या शुद्ध संहितेचा ध्यास हा पाठचिकित्सेचाही पाया असतो. अडचण निराळी आहे. 'सिद्ध झालेली एक चूक' अशी अट घातल्यावर समर्थकाची प्रतिष्ठा प्रत्येक तपशिलात अडकते आणि वाचन हे बचावाचे काम होऊन बसते.

फुलर सेमिनरीच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. रेडिओ-धर्मप्रचारक चार्ल्स फुलर यांनी हॅरल्ड ओकेंगा यांच्या साहाय्याने १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे हे विद्यालय स्थापन केले. मूलतत्त्ववादाची निष्ठा राखूनही विद्वत्तेत मागे नसणारी संस्था, हे तिचे स्वप्न होते. डिसेंबर १९६२ मध्ये अध्यापक आणि विश्वस्त यांच्या एका बैठकीत संस्थापकाचेच पुत्र, बाझल येथे अध्ययन करून परतलेले डॅनियल फुलर यांनी, बायबलमध्ये काही विसंगती आहेत आणि त्या मूळ हस्तलिखितांकडे बोट दाखवून सुटणार नाहीत, असे प्रांजळपणे सांगितले. तो दिवस त्या वर्तुळात 'काळा शनिवार' म्हणून ओळखला जातो. पुढे त्यांनी आपले म्हणणे मोहरीच्या दाण्याच्या उदाहरणाने मांडले. येशूने एका दृष्टांतात मोहरीचा दाणा सर्व बियांत लहान म्हटला आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते खरे नाही. मराठी स्वयंपाकघरातील खसखसही ते खोटे पाडते. डॅनियल फुलर म्हणत, वक्त्याचा हेतू बियांचे वर्गीकरण करण्याचा नव्हता. श्रोत्यांची समजूत त्याने जशीच्या तशी उचलली आणि तारणाविषयी जे सांगायचे ते सांगितले. राईचा पर्वत केला म्हणणाऱ्याला राईचे वजन कोणी विचारत नाही, तसेच हे.

मीमांसकांचा अर्थवाद येथे आठवल्याशिवाय राहत नाही. वेदातील जे वाक्य स्वतः विधी सांगत नाही, ते स्वतंत्र माहिती देणारे मानू नये, विधीची स्तुती म्हणून त्याच्याशी जोडून घ्यावे, ही ती व्यवस्था. तिच्यामुळे वेदाचे प्रामाण्य अबाधित राहिले आणि विश्वाविषयीच्या त्याच्या विधानांचा बचाव करण्याचे ओझे मात्र उतरले. डॅनियल फुलर साधारण असेच काही करू पाहत होते. पण मीमांसकाचा वेद अपौरुषेय आणि विधिप्रधान आहे. इव्हँजेलिकल ख्रिस्ती माणसाचा ग्रंथ घटनेची साक्ष देणारा आहे. एक मनुष्य अमुक राज्यपालाच्या कारकिर्दीत मारला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, ही वार्ता स्तुतिपर म्हणून बाजूला काढली तर मागे विधी उरत नाही. मोहरी सोडता येते. पण सोडत गेल्यावर थांबायचे कुठे, हा प्रश्न भ्याडपणाचा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

हाच प्रश्न हॅरल्ड लिंडसेल यांनी १९७६ मध्ये 'द बॅटल फॉर द बायबल' या पुस्तकात रणभेरीच्या स्वरात विचारला. ते फुलरच्या आरंभीच्या अध्यापकांपैकी होते, १९६४ मध्ये तेथून बाहेर पडले होते आणि पुढे 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या नियतकालिकाचे संपादक झाले होते. फुलरवर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. निर्दोषत्व न मानणाऱ्याला इव्हँजेलिकल म्हणवून घेण्याचा हक्क नाही, असा त्यांचा निर्णय होता. मात्र त्या पुस्तकातील सर्वांत उद्‌बोधक भाग हा नव्हे. पेत्राच्या नकाराविषयीचा त्यांचा खुलासा साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशू पेत्राला सांगतो. मार्क मात्र कोंबडा दोनदा आरवण्यापूर्वी असे म्हणतो. पेत्राला हटकणारी माणसेही चारही ठिकाणी सारखी नाहीत. या सगळ्यांचा मेळ घालण्यासाठी लिंडसेल यांनी असा तोडगा स्वीकारला की, पेत्राने एकूण सहा वेळा नाकारले: पहिल्या आरवण्याआधी तीनदा आणि दुसऱ्याआधी तीनदा.

चारही शुभवर्तमानांत तीन ही संख्या आहे. सहा कोठेच नाही. चौघांपैकी प्रत्येकाला निर्दोष ठरवण्याच्या भरात पाचवेच शुभवर्तमान लिहिले गेले, जे कोणाही प्रेरित लेखकाने लिहिलेले नाही. मत्तयाने परंपरेत भर घातली असे म्हटल्याबद्दल गंड्री यांना जावे लागले; लिंडसेल यांनी केलेली भर निष्ठेची ठरली. ज्या प्रसंगावर हा हिशेब झाला, तो कोणता हेही लक्षात घ्यावे. एरिक आवरबाख यांनी 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथात मार्कातील पेत्राच्या नकाराची चर्चा केली आहे. एक सामान्य कोळी, अंगणातील शेकोटी, एका दासीने टाकलेला प्रश्न, आणि त्यातून माणसाच्या अंतःकरणाचे दुभंगणे, असा प्रसंग उच्चनीच शैलींचे भेद पाळणाऱ्या प्राचीन साहित्याला गंभीरपणे रंगवताच आला नसता, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. आवरबाख श्रद्धेने बांधलेले नव्हते, तरीही त्या रडण्यापर्यंत ते पोचतात. लिंडसेल श्रद्धेने बांधलेले होते आणि ते आरवणे मोजत राहिले. ग्रंथावरील प्रेमातूनच ग्रंथ वाचता न येण्याची ही अवस्था खेदजनक आहे.

पण या चळवळीत सारेच लिंडसेल नव्हते. ऑक्टोबर १९७८ मध्ये शिकागो येथे सुमारे ३०० जणांच्या परिषदेने निर्दोषत्वाविषयी १९ कलमांचे निवेदन तयार केले. त्याचे तेरावे कलम या मंडळींना साहित्याची जाण नव्हती, हा समज खोडून काढते. आधुनिक तांत्रिक अचूकतेचा अभाव, व्याकरणाची अनियमितता, अतिशयोक्ती, ढोबळ संख्या, विषयवार मांडणी, समांतर वृत्तान्तांत सामग्रीची वेगळी निवड, अवतरणांतील मोकळीक यांपैकी कशानेही निर्दोषत्व बाधित होत नाही, असे ते मान्य करते. एवढी मोकळीक दिल्यावर गंड्री यांच्यात आणि या कलमात अंतर किती उरते, असा प्रश्न पडावा. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, अर्थनिर्णयनाविषयीच्या दुसऱ्या शिकागो निवेदनाने ती फट बुजवली. साहित्यप्रकारांची चिकित्सा मोलाची आहे. परंतु जे कथन स्वतःला वस्तुस्थिती म्हणून सादर करते, त्यावर ऐतिहासिकता नाकारणारा प्रकार लादता येणार नाही.

'स्वतःला सादर करते' या शब्दांवर सारा भार आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा मुख्यार्थबाधाचा प्रश्न होय. 'गंगेवर गवळीवाडा' या वाक्यात मुख्यार्थ अडतो म्हणून लक्षणा येते. अर्थ अडला हे कोणी ठरवायचे? प्रवाहावर घरे राहत नाहीत, हे ज्ञान वाक्याबाहेरून येते. गंड्री यांच्या दृष्टीने मत्तय, मार्क आणि लूक एकमेकांशेजारी ठेवून वाचले की तो अडथळा संहितेतूनच उभा राहतो. गाइस्लर यांच्या दृष्टीने कथनाचा बाह्य घाट ऐतिहासिक आहे, तेवढ्यावर प्रश्न संपतो. शेजारच्या पुस्तकाशी तुलना करून बाध निर्माण करणे हीच आगळीक. दोघेही लेखकाच्या हेतूचा आधार घेतात. लेखकाचा हेतू हाच अर्थाचा निकष, हे ई. डी. हर्श यांचे १९६७ मधील प्रतिपादन अमेरिकन इव्हँजेलिकल विद्वानांनी मोठ्या उत्साहाने आपलेसे केले होते. नव्या समीक्षेने आणि नंतरच्या वादळांनी अर्थ वाऱ्यावर सोडला असताना हा खुंटा त्यांना भक्कम वाटला. परंतु प्रकार ओळखल्याशिवाय हेतू ओळखता येत नाही, हेही हर्श यांचेच म्हणणे आहे. त्या ठिकाणी खुंटा हलतो. उलट, अर्थ वाचकसमूह ठरवतो असे म्हणणारे स्टॅन्ली फिश या विद्वानांना मुळीच रुचणारे नव्हते. पण डॅलसच्या मतदानाइतका त्यांच्या मताचा चोख पुरावा दुसरा मिळणे कठीण आहे.

तरीही त्या ११६ जणांना केवळ संकुचित म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी पुष्कळांना दर रविवारी अशा माणसांपुढे उभे राहायचे होते, ज्यांना मिद्राश ठाऊक नव्हता, ग्रीक येत नव्हते, आणि ज्यांच्या हाती मातृभाषेतील एक पुस्तक होते. प्रोटेस्टंट परंपरेने याच माणसाला पुरोहिताच्या मध्यस्थीतून सोडवले आणि ग्रंथ त्याच्या हाती दिला. आता मागी आले होते की नव्हते, हे समजण्यासाठी त्याने प्राध्यापकाकडे जावे, तर तो नव्या पुरोहिताच्या दारात उभा राहतो. बेथलेहेमातील मुलांचा वध कलेचा भाग आहे, असे मूल गमावलेल्या आईला सांगता येईल काय? हा प्रश्न चिकित्सेच्या कक्षेबाहेरचा आहे, असे चिकित्सक म्हणेल; उपदेशकाला तसे म्हणण्याची सोय नाही. दुर्दैव असे की, मतदानाने त्या सामान्य वाचकाला काही परत मिळाले नाही. कोणते वाचन वैध, हे ठरवण्याचा अधिकार प्राध्यापकांच्याच एका सभेकडे गेला.

त्या अधिकाराची पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. ईश्वराला भविष्याचे संपूर्ण ज्ञान असते की नाही, या वादात क्लार्क पिनॉक आणि जॉन सँडर्स यांच्यावरचा प्रश्न २००३ मध्ये अ‍ॅटलांटा येथील अधिवेशनात आला. सँडर्स यांना काढावे असे सुमारे ६३ टक्के मतदारांना वाटले, पण दोन तृतीयांश मते लागत होती; पिनॉक यांच्याबाबत तर बहुमतच त्यांच्या बाजूने पडले. त्याच वर्षी गाइस्लर यांनी सोसायटी सोडली. २००६ मध्ये सोसायटीने आपल्या वाक्यातील 'निर्दोष' या शब्दाच्या स्पष्टीकरणासाठी १९७८ चे शिकागो निवेदन आधारभूत मानण्याचे ठरवले. एका सूत्राला १९ कलमांचे भाष्य जोडले गेले. भाष्यावर टीका आणि टीकेवर टिप्पणी होत जाते, याचा अनुभव आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक आहे.

गंड्री यांनी आपले मत्तयभाष्य सोडून दिले नाही. दुसरी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. उपशीर्षक मात्र बदलले होते, त्यात आता कलेऐवजी छळ सोसणाऱ्या संमिश्र मंडळीसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेचा उल्लेख होता. २००२ मध्ये त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर एक पुस्तक लिहिले आणि इव्हँजेलिकल जगाने आपली मवाळी टाकून जुन्या, पहिल्या मूलतत्त्ववादाकडे वळावे, असे आवाहन केले. बाहेर घालवलेला माणूस आतल्यांना अधिक कडवे व्हायला सांगत होता.

वाद पुन्हा उठला तो मत्तयावरूनच. येशूच्या मृत्यूच्या क्षणी थडगी उघडून अनेक पवित्र जन उठले, असे मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. मायकल लायकोना यांनी २०१० मध्ये पुनरुत्थानाच्या ऐतिहासिकतेचे समर्थन करणारा एक विस्तृत ग्रंथ लिहिला आणि त्यात या एका उल्लेखाला काव्यात्म योजना मानण्याची शक्यता सुचवली. २०११ मध्ये गाइस्लर यांनी जाहीर पत्रे लिहून माघारीची मागणी केली. लायकोना यांनी त्यानंतर प्लुटार्ककडे मोर्चा वळवला. त्याच्या नऊ चरित्रांत तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी काही वेगळे सांगितले जाते: दोन भेटींची एक होते, एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी जाते, काळ आक्रसतो. २०१७ मधील त्यांच्या पुस्तकाने या तरकिबी एकेक करून दाखवल्या आणि शुभवर्तमानांतील तफावती त्यांच्या प्रकाशात वाचल्या. गाइस्लर यांचे २०१९ मध्ये निधन झाले. लायकोना यांच्याविरुद्धच्या लेखनात त्यांनी १९८३ चे मतदान पूर्वनिर्णय म्हणून पुढे केले होते.